मालकंसाला ‘अकरा ए’ म्हटलं की काय होतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई कथक शिकवतात. त्यांच्या घरी जुन्या कॅसेटवर एका मैफलीतला मालकंस आहे. पुरुष गायक, आधी विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल, सगळं मिळून ३८ मिनिटं. कॅसेट डिजिटल करून त्यांनी ती डीजे मंडळी वापरतात तसल्या एका अ‍ॅपला दिली. अ‍ॅप म्हणालं: ११८ बीपीएम (मिनिटाला ठोके), एफ शार्प मायनर, कॅमेलॉट ११ए (कुठले ट्रॅक सुरात जुळतील ते दाखवणाऱ्या डीजेंच्या चक्रावरचा पत्ता). मग त्यांनी ११८ चाच आणि ११ए चाच एक इलेक्ट्रॉनिक ट्रॅक शोधला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. आता त्यांची तक्रार अशी: आकडे जुळतात, पण सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) दर वेळी भलतीकडेच पडते, गाणं ट्रॅकपेक्षा किंचित चढं लागतं, आणि मुख्य म्हणजे मालकंस मालकंसासारखा वाटतच नाही.

ताई, तुमचे कान अगदी बरोबर आहेत. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत. मी पूर्ण फाइल ऐकली आणि दोन संध्याकाळी बसून मोजली. पंधरा वर्षं तबला वाजवला, त्यानंतर मिक्सिंगच्या टेबलामागे बसलो, त्यामुळे अशी फाइल हाती आली की राहवत नाही. शेवटची तक्रार सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गायकाचा सा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, आहे (तिथेही एक भानगड आहे, ती पुढे सांगतो). काळी एकला सा धरला की मालकंसाचे पाच सूर पेटीवर असे येतात: सा काळी एक, कोमल ग पांढरी तीन, म काळी तीन, कोमल ध पांढरी सहा आणि कोमल नी पांढरी सात. आता अ‍ॅप काय करतं बघा. पूर्ण फाइलमध्ये बारा सुरांपैकी कुठला किती वाजला याची ते बेरीज करतं आणि ती बेरीज पाश्चात्य संगीताच्या चोवीस साच्यांशी, म्हणजे बारा मेजर आणि बारा मायनरशी, ताडून बघतं. ज्या साच्यात नीट बसेल ते उत्तर. या साच्यांत मूळ सूर आणि त्याचा पंचम ही जोडी सगळ्यात वजनदार. मालकंसात तर पंचम वर्ज्य. मग अ‍ॅपला सा-प जोडी कुठे सापडते? मध्यमावर! काळी तीनला घर मानलं की काळी एक हा तिचा पंचम होतो. गायक सा वर ठाण मांडून बसलेला, मध्यमावर न्यास (सुरावर येऊन थांबणं) चाललेले, तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावलेली. अ‍ॅपच्या दृष्टीनं याहून ठोस पुरावा नाही. म्हणून ते बेधडक एफ शार्प मायनर सांगून मोकळं होतं. एफ शार्प म्हणजे आपली काळी तीन.

म्हणजे अ‍ॅपनं सूर अचूक ओळखले, घर चुकवलं.

आणि घर चुकलं की काय होतं ते तुम्ही प्रत्यक्ष ऐकलंत. तुमच्या ट्रॅकचा बेस काळी तीनवर धपाधप पडतोय. ऐकणाऱ्याचा कान खर्जातल्या सर्वांत जाड सुराला सा मानतो, त्याला इलाज नाही. एकदा काळी तीनला सा मानलं की गायकाचा सा होतो पंचम, कोमल ग होतो कोमल नी, म होतो सा, कोमल ध होतो कोमल ग आणि कोमल नी होतो मध्यम. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ताई, हा धानी राग झाला! गवई बिचारा मालकंस गातोय आणि खाली बसलेला बेस त्याच्याकडून धानी गाऊन घेतोय. एकही सूर बेसूर नाही, म्हणून बोट ठेवायला जागा सापडत नाही, पण राग गेला तो गेलाच.

आपल्याकडे याला मूर्च्छनाभेद म्हणतात आणि गुरुजी हे पहिल्या काही वर्षांतच पेटीवर करून दाखवतात. भूपाचे पाच सूर घ्या. ऋषभाला सा मानलं की मध्यमाद सारंगाचे सूर, गंधाराला मानलं की मालकंस, पंचमाला मानलं की दुर्गा, धैवताला मानलं की धानी. पाच राग आणि सुरांचा ढीग तोच. अ‍ॅप ढीग मोजतं. शिवाय भूप आणि देशकार तर सा सकट तेच सूर घेऊन उभे; त्यांच्यातला फरक कुठे थांबायचं आणि कुठून जायचं यात आहे. तो बेरजेत दिसणार कसा?

यावरून माझीच एक फजिती सांगतो. टेबलामागे नवा नवा बसलो होतो तेव्हाची गोष्ट. एका नृत्यनाटिकेसाठी मारव्याच्या ध्वनिफितीखाली सिंथेसायझरचा मंद पडदा टाकायचं काम आलं. सा पांढरी एक. मी सॉफ्टवेअरला विचारलं, ते म्हणालं ए मेजर. मी निमूटपणे पांढऱ्या सहाचा पडदा पसरला आणि खूश झालो, कारण फार गोड लागत होतं. तालमीला एक म्हातारे पेटीवाले आले होते. दोन मिनिटं ऐकून त्यांनी विचारलं, “भूप छान आहे हो, पण मारवा कधी सुरू होणार?” घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मारव्यातून सा काढून टाकला आणि धैवताला सा मानलं की उरलेले पाच सूर म्हणजे शुद्ध भूप. आणि मारव्यात गवई सा ला शेवटपर्यंत टाळतच असतो. कोमल रे आणि ध यांच्यावर सगळा डोलारा. सा ला आला की सुटका झाल्यासारखं वाटतं, तीच तर त्या रागाची गंमत. मी खाली धैवताचा पडदा टाकून सगळ्यांची आधीच सुटका करून टाकली होती. त्या दिवसापासून कुठल्याही रागाची ‘की’ मी मशीनला विचारत नाही.

मग सा कसा शोधायचा? तंबोरा ऐका. जोडीच्या तारा म्हणजे सा, त्यात शंकाच नको. तंबोरा दबलेला असेल तर गवई गाणं सुरू करताना पहिला लांब सा लावतो तो पकडा. आकड्यात हवा असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तंबोऱ्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. एक सावधगिरी: तंबोऱ्यात मूळ सुरापेक्षा त्याच्या दुपटी-तिपटी कित्येकदा जास्त ठळक दिसतात, म्हणून एकाच शिखरावर भरवसा न ठेवता दोन-तीन शिखरांमधलं अंतर बघा. तुमच्या फाइलमध्ये जोड १४२.१ हर्ट्झवर आहे आणि पहिली तार ९४.७ वर. जोडीच्या पाऊणपटीवर शिखर असतं तर तार पंचमाला लावलेली. इथे ते दोन तृतीयांशावर आहे, म्हणजे मध्यम. निव्वळ या दोन आकड्यांवरून, एक शब्द न ऐकता, सांगता येतं की पुढे येणाऱ्या रागात पंचमाला मान नाही.

आता ती भानगड. काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ. तुमच्या फाइलमधला सा १४२.१ ला आहे, म्हणजे ४३ सेंट वर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळजवळ मधोमध. ‘गाणं किंचित चढं’ लागतं ते यामुळे. गवयाला असा मधला सा आवडला असेल का? तंबोऱ्यावर गाणारा हवा तिथे सा लावू शकतो आणि अनेक जण तसा लावतातही. पण तुमच्या फितीत साथीला पेटी आहे आणि तीही तेवढीच चढी आहे. पेटीच्या पट्ट्या काही कान पिळून वर नेता येत नाहीत. पाच-दहा सेंटचा फरक पेटी-पेटीत असतो, ४३ चा नसतो. तेव्हा संशय सरळ टेपच्या वेगावर.

खात्री करायची माझी आवडती युक्ती म्हणजे विजेची गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणात माइकच्या वायरीतून ५० ची आणि तिच्या दुपटीची, १०० ची, बारीक गुणगुण शिरलेली असते. तुमच्या फितीच्या सुरुवातीला निवेदक बोलतोय, तंबोरे अजून सुरू झालेले नाहीत, मधेच कुणीतरी खोकतं. तो ४० सेकंदांचा तुकडा मी घेतला, स्पेक्ट्रमचा साइझ ६५५३६ ठेवला (कमी ठेवलात तर दोन शिखरं एकात मिसळतात), आणि १०० च्या आसपास बघितलं. तिथे एक नाही, दोन टेकड्या आहेत! एक बरोबर १०० ला, दुसरी १०२.६ ला. पहिली तुमच्या घरच्या कॅसेट प्लेअरची, डिजिटल करताना शिरलेली. दुसरी त्या मैफलीच्या सभागृहातली. ती मूळची १०० होती, आता १०२.६ झाली, म्हणजे टेप साधारण अडीच टक्के जोरात पळालीय. १४२.१ ला त्याच मापानं खाली आणलं की येतात १३८.६. काळी एक, काटेकोर. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीही डगमगत असे, म्हणून नुसत्या गुणगुणीवर मी निकाल देत नाही. पण सा, पेटी आणि गुणगुण तिघं एकच साक्ष देत असतील तर खटला संपला.

तेव्हा पहिलं काम: वेग अडीच टक्क्यांनी उतरवा. इथे ‘चेंज स्पीड’ वापरायचं, ‘चेंज टेम्पो’ नाही आणि ‘चेंज पिच’ही नाही. डीजे सॉफ्टवेअर असेल तर मास्टर टेम्पो किंवा की-लॉक बंद. टेप जोरात पळाली तेव्हा सूर आणि लय दोन्ही एकदम चढले, तर उतरतानाही दोन्ही एकदमच उतरले पाहिजेत. ३८ मिनिटांची फाइल ३९ मिनिटांची होईल. गवयाचा आवाजही जरा भरदार होईल. आत्ता तो किंचित पोरसवदा लागतोय ते तुमच्याही लक्षात आलं असेल. अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवा: साधारण सहा टक्के वेग म्हणजे अर्धा सूर, काळी एकची पांढरी दोन. ७८ च्या तबकड्यांना तर हे फारच लागू. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांची मुद्रणं झाली तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं तबकडी नेमकी ७८ च्याच वेगानं कोरलेली असेल याची हमी नव्हती. त्यांवरून ‘अमुक गायिका किती वरच्या पट्टीत गायची’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी विषय बदलतो.

आता लय. ११८ हा आकडा कुठून आला?

वेग सुधारल्यावर मी समेपासून समेपर्यंत स्टॉपवॉच लावलं. विलंबिताचं पहिलं आवर्तन ५२ सेकंदांचं. बारा मात्रा ५२ सेकंदांत, म्हणजे एक मात्रा सव्वाचार सेकंदांहून थोडी जास्त, मिनिटाला १४ मात्रासुद्धा पूर्ण नाहीत. बीपीएमच्या भाषेत खरी लय १३.८. विलंबिताचं शेवटचं आवर्तन ४४ सेकंदांचं, म्हणजे १६.४. अ‍ॅपला १४ बीपीएम असं काही जगात असू शकतं हे मान्यच नाही. ते बहुधा साठ-सत्तरच्या खाली बघतच नाही. त्याला ऐकू येतं ते तबलजी मात्रेच्या पोटात जे भरतो ते. इतक्या सावकाश एकतालात ‘धिं’ आणि पुढचा ‘धिं’ यांच्यामध्ये नुसतं बसून राहता येत नाही, मात्रेचे चार आणि कित्येकदा आठ भाग करून वाजवावं लागतं. १४ गुणिले ८, झाले ११२. पुढे द्रुत तीनतालात आवर्तन ४.२ सेकंदांपासून ३.२ पर्यंत येतं, म्हणजे मिनिटाला २२८ मात्रांपासून ३०० पर्यंत. तिथे अ‍ॅप निम्मं करून ११४ च्या पुढचे आकडे वाचतं. विलंबिताची आठपट आणि द्रुताची निमपट योगायोगानं एकाच गल्लीत भेटतात. ११८ हा त्या दोघांचा, तोही चढ्या टेपवरचा, सरासरी पत्ता. त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही.

आणि समजा, आकडा बरोबर असता, तरी सम जुळली नसती. तुमचा ट्रॅक चार-चार ठोक्यांच्या घरांत (बारमध्ये) चालतो आणि वाक्य आठ किंवा सोळा घरांचं. विलंबिताच्या एका मात्रेत ट्रॅकची दोन घरं गेली तर आवर्तन २४ घरांचं होतं. सोळाच्या वाक्यात २४ बसवायला गेलात की एक सम वाक्याच्या तोंडावर, पुढची बरोबर मध्यावर. ट्रॅकमध्ये मोठा आघात होतो तिथे गवई पाचव्या मात्रेवर कुठेतरी आलाप करतोय आणि इकडे सम आली तेव्हा ट्रॅक निवांत. त्यात ५२ चे ४४ सेकंद होत जाणारी लय. ही लय काही घसरलेली नाही; बढत जशी पुढे जाते तशी ती वाढवतातच. किती सावकाश सुरुवात करायची हेही घराण्याघराण्यावर. उस्ताद अमीर खाँ यांनी झुमरा तालातली अतिविलंबित लय रूढ केली, किराण्याचे गवई सावकाश बढत करतात, ग्वाल्हेरवाले तिलवाडा ताल त्यापेक्षा चालता ठेवतात, जयपूर-अत्रौलीत विलंबित तीनतालसुद्धा बऱ्यापैकी अंगानं चालतो. ‘ख्यालाचा बीपीएम किती’ हा प्रश्न म्हणूनच मला ‘पावसाची उंची किती’ असा ऐकू येतो.

विलंबितावर काही करायचंच असेल तर गवयाला सरळ करायला जाऊ नका. रीपर, लॉजिक, एबलटन, तुमच्याकडे जे सॉफ्टवेअर असेल त्यात प्रत्येक समेवर खूण करा आणि साथीच्या ट्रॅकला त्या खुणांमागून चालवा. खूण तबल्याच्या ‘धिं’वर करायची, गवयाच्या मुखड्यावर (बंदिशीचा समेवर येणारा तुकडा) नाही. मुखडा समेच्या किंचित आधी येऊन टेकतो किंवा जरा रेंगाळून उतरतो. ती त्याची अदा आहे. ती ग्रिडवर आणून ठेवलीत तर गाणं शाळेतल्या कवायतीसारखं होतं. मैफलीत तंबोरा गवयाच्या सुराला लावतात, तबला त्याच्याच पट्टीला मिळवतात, पेटीवाला त्याच्या मागून जातो. तोच रिवाज कम्प्युटरवर पाळायचा. हलायचं ते साथीनं.

पण खरं सांगू? तुमच्या कामासाठी विलंबित सोडूनच द्या. कथक म्हणजे तुम्हाला पक्की सम हवी. द्रुतात शोधलं तर सोन्यासारखा एक पट्टा मिळाला. वेग सुधारलेल्या फाइलमध्ये ३१ व्या मिनिटाच्या पुढे दीडेक मिनिट आवर्तन चार सेकंदांच्या आसपास स्थिर आहे: ४.०३, ३.९८, ४.०१ असं. चार सेकंदांत सोळा मात्रा म्हणजे मिनिटाला २४०, आणि त्याचं निम्मं नेमकं १२०. तुमचा ११८ चा ट्रॅक १२० वर न्या, दोन टक्केसुद्धा होत नाहीत, कळणार नाही. मग तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे ट्रॅकची बरोबर दोन घरं. चार आवर्तनांत आठ घरांचं वाक्य पूर्ण. सम आणि आघात एकाच वेळी पडतील आणि तुमच्या मुलींना मोजावंही लागणार नाही. त्या पट्ट्यात शेवटाकडे एक तिहाई आहे, तिथेच ट्रॅक तोडा. त्यानंतर लय चढू लागते आणि ३०० पर्यंत जाते. तिच्यामागे ट्रॅक पळवू नका. ताणाताणी तीन-चार टक्क्यांपलीकडे गेली की पहिला बळी जातो डग्ग्याच्या घुमाऱ्याचा, तो चिरकल्यासारखा होतो, आणि मग मिंडेत एक लोखंडी कंप येतो. सॉफ्टवेअरच्या जाहिराती काही म्हणोत.

आता ट्रॅक कुठला. अ‍ॅपचं चक्र सुधारून वाचायचं झालं तर तुम्ही म्हणाल, सा काळी एक, तर सी शार्प मायनर, म्हणजे १२ए चा ट्रॅक घेते. घेऊ नका! सी शार्प मायनरच्या पहिल्याच कॉर्डमध्ये काळी चार आहे, म्हणजे पंचम. नुसता सा-प चा ‘पॉवर कॉर्ड’ घेतलात तरी तेच. मालकंसात पंचम वाजला की जाणकाराच्या पोटात गोळा येतो. तुम्हाला हवा तो ट्रॅक असा: ढोल-ताशे काय असेल ते असू दे, बेस एकाच सुरावर, कॉर्ड जवळजवळ नाहीतच. तुमच्याच ट्रॅकचे भाग स्टेम वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरनं सुटे करा, पॅड (सिंथेसायझरचे लांब पसरलेले सूर) आणि पियानो बाजूला काढा, बेसलाइन काळी एकवर नव्यानं वाजवून घ्या. फार तर मधूनमधून मध्यमाला हात लावा, पण तिथे मुक्काम नको, नाहीतर धानी परत आलाच. हेच सॉफ्टवेअर गवयाच्या फाइलवर मात्र चालवू नका. माझा अनुभव असा की ते डग्ग्याला बेस समजतं, तंबोऱ्याचा निम्मा झणकार गळ्याबरोबर ठेवतं आणि निम्मा ‘इतर’मध्ये टाकतं, आणि पेटी तर दोन्हीकडे अर्धी अर्धी सापडते.

कॉर्ड नकोत म्हणतो त्याला रागाखेरीज आणखी एक कारण आहे. सिंथेसायझर समान अंतरांवर लावलेला असतो, गळा तसा नसतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, सिंथेसायझरचा ४०० वर. काळी एकच्या पट्टीत हा फरक सव्वा हर्ट्झपेक्षा थोडा जास्त, म्हणजे लांब गंधारावर सेकंदाला एखादी लाट हलताना ऐकू येते. मालकंसात शुद्ध गंधार नाही, पण कोमल ग आणि कोमल ध यांच्या बाबतीतही तसंच घडतं. हे भांडण जुनं आहे. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली तेव्हाच्या आक्षेपांतला एक हाच होता. पेटी निदान सुटून सुटून वाजते. पसरलेला पॅड दहा-दहा सेकंद जागचा हलत नाही, आणि फरक चव्हाट्यावर येतो.

दुसरा तंबोराही भरू नका. सगळे भरतात, अ‍ॅपवरून एक तंबोरा लावला की मिक्स ‘भरतं’ म्हणून. फितीत आधीच दोन तंबोरे आहेत. नवा त्यांच्याशी अगदी दोन-तीन सेंटच्या आत मिळाला नाही तर तिघांत मिळून गढूळपणा येतो. द्रुताच्या पट्ट्यात किकड्रमचा आणि डग्ग्याचा मुलूख एकच, शंभर हर्ट्झच्या अल्याड-पल्याड. दोघांपैकी एकानं जागा द्यावी लागेल. मी किकची देतो. किकच्या जागी टाळीसारखा वरचा आवाज ठेवा, जमीन डग्ग्याला राहू द्या.

कॅमेलॉट चक्र वाईट आहे असं नाही. शेजारच्या घरांत सातातले सहा सूर सामाईक असतात आणि घर बदललं की एकच सूर बदलतो, एवढंच ते सांगतं. त्याच्या दुनियेत ते चोख आहे. आपल्याकडे यमन आणि बिलावल एकाच सा वर गायले तर त्यांच्यात तीव्र आणि शुद्ध मध्यमाचाच फरक, म्हणजे चक्रावर ते शेजारीच: सा पांढरी एक असेल तर बिलावल ८बी आणि यमन ९बी. फक्त यमनाला ९बी चा ट्रॅक लावलात की बेस पंचमावर बसतो आणि यमनाचा बिलावल होतो. दोन वेगळे षड्ज मुद्दाम, समजून-उमजून एकत्र आणायचे तर त्याचा धडा पंडित जसराजांच्या जसरंगीत आहे. पुरुषाचा मध्यम तो स्त्रीचा षड्ज, दोघं आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात आणि सूर एकमेकांत मिळतात. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे आणि पं. संजीव अभ्यंकर यांची जसरंगी ऐका. तिथे दोघांनाही दोन्ही सा कुठे आहेत ते पक्कं ठाऊक असतं. तुमच्या ट्रॅकला ते ठाऊक नव्हतं, एवढाच फरक.

तेव्हा माझा आराखडा असा. सुरुवातीला मालकंसाचा मोकळा आलाप, ताल सुरू होण्याआधीचा, तो तसाच, त्याच्याखाली काहीही नाही. कथकातला थाट (सुरुवातीचा संथ भाग) तिथे होऊ शकेल. मग मैफलीचं विलंबित गाळून सरळ तीनतालाचा लेहरा (आवर्तनभर परत परत वाजणारी धून) आणा, काळी एकवर, मालकंसातला, सोळा मात्रा चार सेकंदांत. सारंगीवाला किंवा पेटीवाला बोलावून अर्ध्या तासात होतो. लेहरा हीच आपली क्लिक ट्रॅक (लय दाखवणारी टकटक) आहे, आणि तिला सूरही असतो. त्याच्यावर तुमच्या मुलींचे तुकडे, आणि लेहरा चालू असतानाच समेवर तो दीड मिनिटाचा द्रुताचा पट्टा आत सोडा, मागे सुधारलेला ट्रॅक. आलाप आणि लेहरा यांच्यामधली जोडणी तंबोऱ्यावर करा, तिथे सुरी दिसत नाही.

कार्यक्रम जाहीर असेल, शिवाय कुठे अपलोड करणार असाल, तर गवयांची किंवा त्यांच्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्या. कायद्यात कलाकाराचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं चालतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर नावाला बाधा येईल अशा मोडतोडीलाही त्याला हरकत घेता येते. परवानगी मागताना धानीवाली आवृत्ती पाठवू नका.

आणखी एक. तुमच्या दुसऱ्या फाइलमध्ये, जिला तुम्ही ‘साफ केलेली’ म्हटलंय, निवेदन, खोकला आणि गुणगुण तिन्ही उडवलेले आहेत. टेपचा वेग पकडायला तेवढा एकच शांत तुकडा होता. मूळ फाइल आहे तशी वेगळ्या डिस्कवर ठेवा, नावात ‘वेग +२.५ टक्के, सा १४२.१’ लिहा, आणि कॅसेट पुन्हा चालवायची झाली तर आधी प्लेअर तपासून घ्या. टेप मैफलीत ध्वनिमुद्रणाच्या वेळी सावकाश पळाली की तुमच्या घरी जोरात, हे अजून ठरायचंय. याच प्लेअरवर एखादी कंपनीची विकत घेतलेली कॅसेट लावून बघा. तीही ४३ सेंट चढी निघाली तर दोष प्लेअरचा, आणि मग तुम्ही त्यावरून डिजिटल केलेली बाकीची सगळी खोकी परत उघडावी लागतील.